रेझिनचे सुटे भाग मोजून घ्यावेत

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर

महोदय,

छंदांविषयीच्या पुरवण्यांमध्ये रणगाड्यांच्या मॉडेलसाठी मिळणाऱ्या रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या द्रव प्लास्टिकच्या) सुट्या भागांच्या संचांची ओळख येते, ती बहुधा ‘हुबेहूब’ या एका शब्दावर संपते. संच हुबेहूब आहे हे कशावरून ठरवले, कोणते माप घेतले, ते कशाशी ताडले, याचा पत्ता नसतो. असा संच बऱ्याचदा मूळ प्लास्टिकच्या किटइतकाच महाग पडतो. खिशाला चिमटा लावून तो मागवणारी सोलापुरातली कॉलेजची मुले त्या एका शब्दावर विश्वास ठेवतात. म्हणून हे भाग कसे तपासावेत ते सविस्तर लिहीत आहोत.

चादर घेताना सोलापूरकर आधी वीण बघतो आणि मग नक्षी. इथे उलटे होते. बोल्टची डोकी टोकदार दिसली, वेल्डिंगची रेघ उठून दिसली की भाग अचूक मानला जातो. बारकावा सुबक असणे आणि भाग बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम मास्टर (ज्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना) आणि ताजा साचा मिळाला तर चुकीच्या आकाराचा टरेटसुद्धा (तोफ असलेला वरचा फिरता भाग) देखणा निघतो.

पहिले काम आकडेमोडीचे. १/३५ प्रमाणात मॉडेलवरचा १ मि.मी. म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे ३५ मि.मी. खऱ्या मापाला ३५ ने भागायचे, एवढेच. यासाठी दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी शेर्मन रणगाडा सोयीचा, कारण त्याची मापे नीट नोंदलेली आहेत. रोडव्हीलचा, म्हणजे ट्रॅकवर (लोखंडी पट्ट्यावर) धावणाऱ्या चाकाचा, व्यास २० इंच म्हणजे ५०८ मि.मी., तो मॉडेलवर १४.५ यायला हवा. ट्रॅकची रुंदी सुमारे ४२१ मि.मी., म्हणजे मॉडेलवर १२. ट्रॅकच्या दोन दुव्यांमधले अंतर ६ इंच, म्हणजे ४.३५. टरेट रिंगचा, म्हणजे टरेट ज्या कड्यावर फिरतो त्याचा, आतला व्यास ६९ इंच, म्हणजे ५०.१. हे शेवटचे माप आतला भाग दाखवणाऱ्या संचांना लावावे. बाहेरून बसवायच्या टरेटखालची खुंट ही किटची सोय असते, तिच्यावरून खऱ्या रिंगचा अंदाज बांधू नये.

मोजायला ०.०२ मि.मी. पर्यंत वाचता येणारा १५० मि.मी. चा व्हर्निअर पुरतो. आयटीआयच्या मुलांकडे असतोच, हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. भाग आधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावा, नाहीतर साच्याचे तेलकट द्रव्य व्हर्निअरच्या जबड्याखाली राहते आणि पुढे रंगही धरत नाही. ओतकामाचा ठोकळा (भागाला चिकटून आलेले जादा रेझिन) बारीक दातांच्या करवतीने कापताना खुणेपासून अर्धा मिलिमीटर सोडून कापावे आणि उरलेले वॉटर पेपरवर घासून आणावे. घाईत जास्त घासले गेले तर दोष संचाचा की आपल्या हाताचा, हे नंतर सांगता येत नाही. घासताना पेपर ओला ठेवावा आणि तोंडाला मास्क लावावा, रेझिनची भुकटी फुप्फुसात जाणे वाईट. गोल भागाचा व्यास तीन ठिकाणी घ्यावा. साच्याचे दोन अर्ध सरकलेले असतील तर जोडरेघेवर पायरी दिसते आणि तिथला व्यास वेगळा येतो.

छोट्या भागाच्या मापावरून निष्कर्ष काढू नये. १२ मि.मी. च्या ट्रॅकवर ०.०५ ची चूक म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का, आणि तेवढी चूक हाताच्या दाबानेही होते. लांब माप घ्यावे. ट्रॅकचे दहा दुवे जोडून, ताण न देता, पहिल्या पिनेपासून अकराव्या पिनेपर्यंत मोजले तर शेर्मनचे ४३.५ यायला हवेत. साध्या शेर्मनच्या एका बाजूला ७९ दुवे, म्हणजे पूर्ण पट्टा ३४४ मि.मी. चा. रेझिन एक टक्का आकसले असेल तर हा पट्टा साडेतीन मिलिमीटर आखूड पडतो, म्हणजे पाऊण दुव्याहून जास्त. मग एकतर पट्टा ओढून आयडलर (पट्टा ताणणारे मागचे चाक) पुढे वाकतो, नाहीतर ८० वा दुवा घालावा लागतो. स्प्रॉकेटचे (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात दुव्यांत बसत नाहीत, तेही याच कारणाने. दुकानदार ‘तुम्ही चुकीचा किट वापरलात’ असे सांगतो, पण दहा दुव्यांचे माप घेतले की वाद मिटतो.

आता आकसण्याचे कारण. पॉलियुरेथेन रेझिन घट्ट होताना थोडे आकसतेच, बहुधा एक टक्क्याच्या आत. साच्याचे सिलिकॉन दोन जातींचे असते. टिनवर जमणारे स्वस्त सिलिकॉन स्वतःही काळाबरोबर आकसते, प्लॅटिनमवर जमणारे जवळजवळ आकसत नाही. चांगला कारागीर हे धरून मास्टर किंचित मोठा करतो. खरा घोटाळा नकली संचांत आहे. दुसऱ्याचा तयार भाग विकत घेऊन त्यावरच साचा काढला की आकसणे दुसऱ्यांदा होते आणि कडाही बोथट होतात. अशा संचात बोल्ट शाबूत दिसतात, कारण बोल्टवर एक टक्का डोळ्याला कळतच नाही. पण ५० मि.मी. च्या भागावर दोन टक्के म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर, खऱ्या रणगाड्यावर ३५.

चूक कुठून आली हे ओळखायची रीत आहे आणि ती प्रत्येकाने शिकावी असे आम्हाला मनापासून वाटते. पाच-सहा मापे घ्यावीत, प्रत्येकाचा फरक टक्क्यांत काढावा आणि एका कागदावर शेजारी शेजारी लिहावा. सगळीकडे साधारण तोच टक्का कमी आला तर भाग आकसला आहे, मास्टरचा आकार बरोबर होता. एकच माप चुकले आणि बाकीची जुळली तर मास्टर करणाऱ्याची चूक. लांबी जुळते पण रुंदी सगळीकडे सारख्याच प्रमाणात कमी, असे झाले तर साचा दाबला गेला आहे किंवा मास्टर काढणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचा एक अक्ष नीट लावलेला नाही. हल्ली बरेच मास्टर प्रिंट केलेले असतात, त्यामुळे हा तिसरा प्रकार दुर्मीळ राहिलेला नाही. अर्धा टक्का फरक आम्ही मान्य करतो. एक टक्क्यापुढे गेले की विकणाऱ्याला लिहून भाग बदलून मागावा. मधल्या फरकाला भाग कुठे बसणार ते बघावे: मोकळा ठेवायचा डबा असेल तर चालेल, ट्रॅक किंवा चाक असेल तर नाही.

तोफेच्या नळीसाठी तर व्हर्निअरही लागत नाही. १०५ मि.मी. च्या तोफेचे तोंड १/३५ मध्ये बरोबर ३ मि.मी. येते, म्हणून ३ मि.मी. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा हेच माप. भारतीय विजयंता रणगाड्याच्या तोफेच्या तोंडात तो अलगद टेकला पाहिजे. १९६५ च्या युद्धातल्या सेंच्युरियन रणगाड्याची २० पाउंडर तोफ ८४ मि.मी. ची, तिला २.४ चा दांडा. अमेरिकी पॅटन रणगाड्याच्या ९० मि.मी. ला २.५७, सोव्हिएत टी-५५ च्या १०० मि.मी. ला २.८६. रेझिनच्या नळ्यांना तोंडाशी भोक बऱ्याचदा नुसते खुणेपुरते असते आणि त्याची कडा जाड असते. भोक खोल करता येते, पण नळीचा बाहेरचा उतार चुकला असेल तर इलाज नाही.

नळीबद्दल सोलापूरकरांना खास सांगायचे आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या काचेच्या कपाटात त्याहून जास्त तापते. लांब, बारीक रेझिन तिथे हळूहळू खाली झुकते. वाकलेली नळी साठ-सत्तर अंश गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून, सपाट काचेवर सरळ करून थंड पाण्यात घातली की सरळ होते, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा झुकण्याची शक्यता राहते. म्हणून नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमचीच घ्यावी. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या लेथवर करून घ्यायची असेल तर कारागिराला आधीच सांगावे की दांडा बारीक आहे, मोकळ्या टोकाला सेंटरचा आधार द्यावा. नाहीतर दांडा हत्यारापासून दूर झुकतो आणि टोकाकडे जाड राहतो. कोरड्या हवेत सुपर ग्लूही उशिरा धरतो, कारण तो हवेतल्या ओलाव्यावर जमतो. जोडाच्या एका बाजूवर नुसता श्वास सोडला तरी फरक पडतो. प्लास्टिकचा सिमेंट रेझिनला चिकटत नाही हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

मापे जुळली म्हणजे काम झाले असे नाही. उतार बघायचे राहतात. शेर्मनच्या पुढच्या चिलखती पत्र्याचा उतार सुरुवातीच्या गाड्यांत उभ्या रेषेपासून ५६ अंश होता, नंतरच्यांत ४७. टी-५५ चा ६० अंश. जाड कागदावर कोनमापकाने हा कोन आखून, कापून फर्मा करावा आणि सपाट काचेवर ठेवलेल्या हलला (रणगाड्याच्या खालच्या धडाला) लावून उजेडाकडे धरावे. फट दिसली तर कोन चुकला. मात्र आडव्या रेषेपासून मोजायचे असेल तर ९० मधून वजा करावे लागते. ५६ चा फर्मा ३४ चा समजून लावला म्हणून चांगला भाग नापास झाल्याचे प्रकार होतात.

सममितीचा आग्रह धरणाऱ्यांना एक विनंती. टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगसारखे काम करणारे आडवे दांडे) असलेल्या रणगाड्यांत, म्हणजे टायगर, पँथर, टी-५५, पॅटन यांत, डाव्या आणि उजव्या चाकांचे दांडे एकामागे एक शेजारी बसवावे लागतात. त्यामुळे एका बाजूची चाके दुसरीपेक्षा किंचित पुढे असतात. गुण्या लावून चाके समोरासमोर येत नाहीत म्हणून संचाला नावे ठेवू नयेत, समोरासमोर आली तर ठेवावीत. शेर्मन आणि सेंच्युरियनला हे लागू नाही, त्यांची चाके बाहेरून लावलेल्या बोगींवर (चाकांच्या जोड्या धरणाऱ्या चौकटींवर) असतात.

आणि मग आवृत्ती. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कारण भाग मापाने चोख असतो, फक्त दुसऱ्याच रणगाड्याचा असतो. टी-५४ आणि टी-५५ ची गल्लत नेहमीची: टी-५४ च्या टरेटच्या छतावर पुढे उजवीकडे घुमटासारखा व्हेंटिलेटर असतो, टी-५५ वर तो नाही. घुमट असलेला टरेट ‘टी-५५’ म्हणून विकत असतील तर घेऊ नये. एम-४७ आणि एम-४८ दोन्ही पॅटनच, पण एम-४७ च्या पुढच्या बाजूला हलमध्ये मशिनगन आहे आणि वरचे रोलर तीन आहेत. एम-४८ चे हल होडीसारखे ओतीव आणि मशिनगनविना. १९६५ च्या युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईचा देखावा करायला घेतलेल्या मुलांना दोन्ही लागतील, म्हणून संचावरचा नुसता ‘पॅटन’ हा शब्द वाचून पैसे भरू नयेत.

भारतीय सेंच्युरियनचे प्रकरण तर जिव्हाळ्याचे. १९६५ च्या फिलोरा आणि असल उत्तरमध्ये लढलेल्या आपल्या सेंच्युरियनवर २० पाउंडर तोफ होती आणि आत मिटिऑरचे पेट्रोल इंजिन. बाजारात मात्र ‘शोत कल’चे, म्हणजे इस्रायलने बदललेल्या सेंच्युरियनचे, संच सहज मिळतात, त्यांत डिझेल इंजिनासाठी बदललेला मागचा भाग आणि १०५ ची तोफ असते. लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्या पूना हॉर्सचा रणगाडा म्हणून तो संच जोडला तर मागचा डेक (इंजिनावरचे छत) आणि तोफ दोन्ही चुकीचे. ज्या रेजिमेंटच्या नावातच पुणे आहे तिचे मॉडेल महाराष्ट्रातल्या प्रदर्शनात चुकीचे उभे राहू नये, असे आम्हाला फार वाटते.

ब्रह्मदेशातल्या मोहिमेसाठी, म्हणजे १९४५ च्या मैक्तिलाच्या लढाईतल्या रॉयल डेक्कन हॉर्ससारख्या रेजिमेंटसाठी, शेर्मन पाच म्हणजे एम-४ए-४ लागतो. त्यात पाच मोटार इंजिने एकत्र जोडलेली असल्याने हल सुमारे ११ इंच लांब. १/३५ मध्ये ते ८ मि.मी. होतात, आणि दुवे ७९ ऐवजी ८३. स्वस्त रूपांतर संचात मागचा डेक नवा देतात, पण हल लांब करायला बाजूचे तुकडे देत नाहीत. अशा वेळी बोगींमधली अंतरे तपासावीत. एम-४ए-४ मध्ये बोगी एकमेकींपासून स्पष्ट लांब असतात, आणि सगळी वाढ मागे एकाच ठिकाणी चिकटवलेली दिसली तर संच अर्धवट आहे. संचात ट्रॅक असतील तर तेही मोजून घ्यावेत, ७९ दुव्यांचा पट्टा इथे पुरत नाही.

जर्मन गाड्यांचे थोडक्यात. पँथरच्या सुरुवातीच्या रोडव्हीलच्या कडेला १६ बोल्ट, नंतरच्यांना २४. पण दुरुस्तीत जुनी चाके नव्या गाड्यांवर चढली, म्हणून मिश्र चाके ही चूकच असेल असे नाही, छायाचित्र बघावे. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिलेला झिमेरिटचा लेप कारखान्यात १९४३ च्या शरदापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत लावला जाई, त्यानंतर बनलेल्या गाडीवर तो नको. झिमेरिटच्या रेझिन पत्र्यांची जाडीही मोजावी. अर्धा मिलिमीटर जाड पत्रा म्हणजे खऱ्यावर साडेसतरा मिलिमीटरचा लेप, तेवढा जाड तो कधीच नव्हता.

याच मुद्द्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मडगार्डचा खरा पत्रा दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे १/३५ मध्ये ०.१ हूनही पातळ. रेझिन इतके पातळ ओतताच येत नाही, साधारण ०.३ च्या खाली ते तुटते किंवा साच्यात पोहोचत नाही. म्हणून रेझिनचे मडगार्ड जाड असणार हे गृहीत धरावे, ही पद्धतीची मर्यादा आहे, कारागिराची चूक नाही. फक्त कडा आतून तासून पातळ केल्या आहेत का ते पाहावे. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी मुठी ०.३ च्या तारेच्या कराव्यात, रेझिनच्या मुठी कापून टाकाव्यात. पृष्ठभागाचा पोत मात्र कारागिराच्या हातातला असतो. ओतीव टरेटला खरखरीतपणा हवा, लाटलेल्या पत्र्याला नको. वेल्ड केलेल्या हलवर सरसकट खरखर केलेली दिसली तर मास्टर करणाऱ्याने मूळ वस्तू पाहिलेली नाही असे समजावे. थेट प्रिंट केलेल्या भागांवर गोलाईला पायऱ्या दिसतात, त्या पोत म्हणून खपवल्या जातात. भिंगाखाली समांतर रेघा दिसल्या तर तो पोत नव्हे.

‘किटला तंतोतंत बसतो’ ही जाहिरात वाचून निर्धास्त होऊ नये. जुन्या काळचे कित्येक किट मोटार आणि बॅटरी बसवण्यासाठी रुंद किंवा उंच केलेले होते. त्या किटला तंतोतंत बसणारा टरेट त्याच चुकीत मापलेला असतो. बसणे आणि बरोबर असणे यांत निवड करायची वेळ आली तर आम्ही बरोबर भाग घेऊन जोड पुटीने भरावा या मताचे आहोत, मात्र हल आणि टरेट दोन्ही एकाच खऱ्या मापावर आणता येत असतील तरच. एक बरोबर आणि एक चूक अशी जोडी दोन्ही चुकांपेक्षा वाईट दिसते.

ताडायचे कशाशी, हा प्रश्न उरतो. छापील आराखडे आंधळेपणाने मानू नयेत. पीडीएफ छापताना ‘पानावर बसवा’ ही सोय चालू राहिली तर चित्र काही टक्के लहान होते, आणि आपण अर्ध्या टक्क्याचा हिशेब करत असतो. आराखड्यावर १०० मि.मी. ची रेघ असेल ती आधी उभी-आडवी दोन्हीकडे मोजावी. पुस्तकातली उंची कुठपर्यंतची हेही बघावे, टरेटच्या छतापर्यंत की वरच्या मशिनगनपर्यंत. रुंदी बाजूच्या पत्र्यांसह की त्यांच्याविना. सेंच्युरियनची ३.३९ मीटर रुंदी पत्र्यांसह आहे.

खरी वस्तू बघणे सर्वांत उत्तम. आपल्याला अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय टेंभुर्णी-करमाळा रस्त्याने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ मध्ये ते उभे केले आणि तिथे सेंच्युरियन, विजयंता, पॅटन, एएमएक्स-१३, पीटी-७६ जवळून पाहता येतात. कॅमेरा आणि टेप वापरायची परवानगी दारातच विचारून घ्यावी, ते लष्करी आवार आहे. छायाचित्र मोबाइल जवळ नेऊन काढू नये, जवळचा भाग फुगून येतो. दोन-तीन मीटर मागे जाऊन झूम करावे आणि परवानगी असेल तर चौकटीत एक पट्टी धरावी. प्रदर्शनातल्या गाड्या अनेकदा रंगवलेल्या, झाकणे वेल्ड केलेली, सुटे भाग गेलेल्या असतात. म्हणून आकारासाठी त्यांच्यावर विसंबावे, पण बाहेर लटकणाऱ्या सामानासाठी, दिव्यांसाठी आणि रंगासाठी त्या काळचे छायाचित्रच प्रमाण मानावे.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना आणि शिक्षकांना एकच सांगणे आहे. मॉडेलसमोर मुलाला त्याचा रणगाडा कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या वर्षाचा आणि त्याने कोणती तीन मापे ताडली, हे विचारावे. महागडा संच लावलेल्याला आपोआप जास्त गुण देऊ नयेत. साध्या किटमध्ये तार आणि पत्र्याने ८ मि.मी. ची लांबी बरोबर वाढवणारा मुलगा त्याहून पुढे आहे.

आपल्या पुरवणीत पुढे एखाद्या रेझिन संचाची ओळख छापली जाईल तेव्हा तिच्याबरोबर चार ओळी असाव्यात: कोणती आवृत्ती, सर्वांत लांब भागाचे अपेक्षित आणि प्रत्यक्ष माप, ट्रॅक असल्यास दहा दुव्यांची लांबी, आणि तोफेच्या तोंडाचा व्यास. मोजणारे हात लागले तर आम्ही येऊ.

आपले,
रणगाड्यांची मॉडेल बनवणारे काही वाचक,
सोलापूर